गुडघ्याएवढा अंतरपाट

"मामा, आत्ताच्या आत्ता या! माझं आधीच एक लग्न झालंय म्हणतात!"

वंदनाचा फोन ठेवून लीलाधर महाजन चपला सरकवून निघालेच. पोलिसातून निवृत्त झाले तरी मोहल्ल्यात कुठं खुट्ट झालं की बोलावणं त्यांनाच.

वंदनाचा नवरा श्रीकांत कॅनडात. बायकोला तिकडे न्यायचा अर्ज घातला, तेव्हापासून तिकडच्या कचेरीचं कागद मागणं काही थांबेना. लग्नाचे फोटो दिले, फोनवरच्या बोलण्याचे पुरावे दिले. आणि आज हे पत्र! 'श्रीकांतच्या आधी तुमचं लग्न झाल्याची तक्रार आहे. घटस्फोटाचा कागद महिन्यात द्या, नाहीतर अर्ज बंद.'

सोबत तक्रारीतला फोटो. पिवळी साडी, मुंडावळ्या, पाटावर बसलेली वंदना. तिच्यापुढे अंतरपाट. त्याची टोकं धरलेल्या दोघींपैकी एक वंदनाची आई मनकर्णा. दोघींचे भांग आणि शेजारी भटजीचं टक्कल अगदी स्वच्छ दिसत होतं. पलीकडची नवरदेवाची बाजू मात्र कापलेली.

"झूठा फोटो आहे, भाऊ," मनकर्णा म्हणाली. "कॉम्प्युटरवर बनवला कोणीतरी. मेल्याचं वाटोळं होवो!"

तिची मोठी जाऊ कोकिळा कोपऱ्यात मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मागं तापी दिसते. हा राजघाट ना?" लीलाधरनी विचारलं.

"असेल."

"लग्न तर कार्यालयात झालं. मी जेवलोय तिथं. आणि का हो, अंतरपाट गुडघ्याएवढा का धरलाय? त्यामागं कोणता नवरदेव लपणार?"

मनकर्णानं तोंड फिरवलं.

"आई, सांग ना गं!" वंदना रडायलाच लागली. "तुझ्या लाजेपायी मी काय जन्मभर इथंच बसू?"

"मडकं होतं, भाऊ." मनकर्णाचा आवाज एकदम खाली आला. "पोरीला कडक मंगळ. तिच्या सासूला, आशाबाईला कळलं असतं तर सोयरीक मोडली असती. म्हणून आधी गुपचूप मडक्याशी लग्न लावलं, अन् ते तापीत सोडून दिलं."

"कोण कोण होतं?"

"आम्ही मायलेकी, भटजी, मडकं आणणारी मालूबाई. बस."

"फोटोत सगळे अनवाणी. मग चपला कोणी राखल्या?"

मनकर्णानं चोरट्या नजरेनं कोपऱ्यात पाहिलं. "मोठ्या बाईंनी. त्या विधवा, म्हणून त्यांना वरच्या पायरीवर बसवलं होतं."

लीलाधरनी फोटो पुढं केला. "तुम्ही तिघी अन् भटजी, सगळेच फोटोत आहात. मग काढला कोणी? तिघांची डोकी वरून दिसतात, म्हणजे काढणारा वर बसलेला होता. तक्रारीत अर्जाचा नंबरही आहे, अन् तो या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. आणि मडकं मुद्दाम कापलंय, नाहीतर साहेबांना एका नजरेत कळलं असतं. काय कोकिळाबाई?"

कोकिळानं मेथीची जुडी खाली ठेवली. "मीच पाठवला."

"मोठी आई!" वंदना ओरडली.

"तुझ्यावर राग नाही, पोरी. श्रीकांत आधी माझ्या शोभाला बघून गेला होता. पसंतीही कळवली होती. ही तुझी आई आशाबाईकडं गेली अन् सांगून आली, शोभाला मंगळ आहे म्हणून. मग तोच मुलगा स्वतःच्या पोरीला केला! माझी शोभा आज बिजवराच्या घरी त्याची पोरं सांभाळते. माझ्या पोरीचा मंगळ गावभर, अन् हिच्या पोरीचा मडक्यात?"

लीलाधर म्हणाले, "पूर्ण फोटो आहे तुमच्याकडं?"

"आहे ना. मडक्यासकट."

"तोच पुरावा. तो अन् साक्षीदारांच्या सह्या दिल्या की वंदना सुटली."

"मोठ्या बाई, पदर पसरते," मनकर्णा खाली बसली.

"पदर नको. आशाबाईला फोन लाव. ज्या तोंडानं शोभाचं सांगितलंस, त्याच तोंडानं वंदनाचं सांग. मग देते."

मनकर्णानं आशेनं लीलाधरांकडं पाहिलं. त्यांनी आयुष्यभर गुन्हेगार पकडले होते; आज या खोलीत नेमकं कोणाला पकडायचं, तेच त्यांना कळेना.

"लाव, आई," वंदना म्हणाली. "पुढचं मी निस्तरीन. मला जायचंय."

मनकर्णानं फोन स्पीकरवर लावला. "बोला विहीणबाई!" आशाबाईचा खणखणीत आवाज खोलीभर घुमला.

मनकर्णानं डोळे मिटले. "आशाबाई, वंदनाला मंगळ आहे. आम्ही लपवला."

पलीकडून शब्द आला नाही. कोकिळानं फोटो वंदनाला पाठवला. मुंडावळ्या बांधलेलं मडकं पाटावर ऐटीत बसलं होतं.

मग कोकिळा पदर सावरून उठली. "शोभाला फोन करून येते," म्हणाली.