शेवटचा वाटा

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर मी तिला अमावस्या जोडली असती, एखादं कुत्रं रडवलं असतं. पण हे सगळं भर उन्हात घडलं. साल १९३९. वैशाखातला मंगळवार, दुपारचे चार. भाईंदरहून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगरीच्या अलीकडे, चिंचेखालचा एक मांडव.

घडलं ते माझ्या आईच्या वडिलांच्या बाबतीत. त्यांनी ते मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना आई ज्या खोलीत होती त्या खोलीकडे एकदाही पाहिलं नाही. त्या वेळी ते तिशीचे होते, म्हणून इथे त्यांना नुसतं पुंडलिक म्हणतो.

पुंडलिक मिठागरावर मापाडी होता. दिवसभर काट्यापाशी उभं राहायचं आणि मिठाची पोती तोलायची. माणूस प्रामाणिक, पण त्याचा स्वभावही काट्यासारखाच झालेला. लग्नाला गेला तरी पंगतीत कोणी किती लाडू उचलले ते त्याच्या ध्यानात राहायचं. सासऱ्याने धोतरजोडी दिली तर ती त्याने आधी हातावर जोखली, मग नमस्कार केला. जे तोलता येत नाही ते नसतंच, अशी त्याची पक्की समजूत होती.

त्याला एकच मुलगी. मथू. अडीच वर्षांची. पुढे माझी आई झाली ती हीच, असं आम्ही धरून चालतो.

त्या वर्षी मथूला डांग्या खोकला झाला. खोकायला लागली की थांबायची नाही. तोंड निळं पडायचं. पुंडलिक तिला दर सोमवारी मिठागरावर न्यायचा आणि गोणपाटाच्या झोळीत घालून तोलायचा. फाल्गुनात तेरा शेर. चैत्रात बारा. वैशाखात अकरा.

वैद्यांनी पुड्या दिल्या. म्हणाले, "मधातून चाटवा. मध अस्सल हवा, गुळाचं पाणी नको. आणि हिला नवाच्या खाली जाऊ देऊ नका."

"गेली तर?"

वैद्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

अस्सल मध एकाच ठिकाणी मिळायचा. डोंगरीच्या आयरिनकडे. तिचा नवरा गॅब्रियल डोंगरावरच्या कड्यातून पोळी उतरवायचा. आयरिन रस्त्याकडेला झावळ्यांचा मांडव घालून बसायची. पळसाच्या पानांवर फळांचे वाटे लावलेले. दोन ताडगोळे, एक आंबा, मूठभर करवंदं. बाजूला मधाच्या बाटल्या.

पुंडलिक पोचला तेव्हा बाटल्या संपल्या होत्या.

"गुरुवारी या, मापाडीबुवा," आयरिन म्हणाली. "गॅब्रियल वर गेलाय. पोळं उतरलं का देते."

"गुरुवारपर्यंत माझी पोर तग धरायची न्हाय, आयरिनबाय."

तिचा चेहरा पडला. तिने करवंदांचा एक वाटा त्याच्या धोतराच्या सोग्यात ओतला. "हे न्या तिला. खाते ना?"

"करवंदं? ताप असला तरी मागते."

"माझी नोरा तोंड वाकडं करायची," आयरिन हसली. "म्हणायची, ओठाला चीक लागतो. फेकूनच द्यायची."

ते "करायची" पुंडलिकच्या कानावर आलं आणि निघूनही गेलं. कारण तेवढ्यात त्याला शेवटचा वाटा दिसला होता.

मांडवाच्या टोकाला, बाकीच्यांपासून दूर, एक पान होतं. त्यावर ताडगोळे, आंबा, करवंदं... आणि मधाची एक छोटी बाटली. बूच नसलेली.

सगळ्या मांडवावर माश्या घोंघावत होत्या. मुंग्यांची रांग खांबावरून चढत होती.

त्या एका पानावर काहीच नव्हतं.

एकही माशी नाही. एकही मुंगी नाही.

"मग हा कुणाचा?"

"तो विकायचा न्हाय," आयरिन झटकन म्हणाली. "शेवटचा वाटा मी विकत न्हाय."

"नासवायला ठेवतेस का? इथं माझी पोर..."

"बुवा, दुसरं काय पण मागा."

रस्त्यावर बैलगाडी थांबली. आंब्यांची पाटी हवी म्हणून गाडीवान ओरडला. आयरिन उठून तिकडे गेली.

पुंडलिकने हिशेब केला. तो चोर नव्हता. त्याने आपली रिकामी बाटली पानावर ठेवली, वर चांदीचा रुपया ठेवला. एवढ्या मधाची दामदुप्पट किंमत. काटा समतोल झाला, असं त्याला मनापासून वाटलं. बाटली उचलली आणि तो चालू लागला.

वाटेत मिठागरं लागतात. दोन्हीकडे सपाट पांढरं. मिठाचे ढीग. दुपारचं काम संपलं होतं, चिटपाखरू नव्हतं. लपायला झाड नाही, झुडूप नाही.

आणि मागून...

खोकला.

लहान मुलाचा. कोरडा, ओढत नेणारा. थेट मथूचा.

त्याने वळून पाहिलं. पांढरा बांध. कोणी नाही.

तो चालू लागला. पुन्हा खोकला. तेवढ्याच अंतरावर. त्याने पावलं भरभर टाकली... अंतर तेवढंच राहिलं.

घराशी पोचला तर त्याची बायको जिजाबाई दारात उभी. डोळ्यांत पाणी, पण हसत होती.

"अहो, पोर खोकलीच न्हाय! चार वाजल्यापास्नं एकदाबी न्हाय!"

चार वाजता त्याने बाटली उचलली होती.

जिजाबाईने त्याच तिन्हीसांजेला पुडी मधात कालवली आणि बोट मथूच्या तोंडाला लावलं. मथूने चाटलं. मग आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट करून म्हणाली, "तिला पन."

जिजाबाई हसली. खेळ समजून तिने दुसरं बोट हवेत धरलं.

"अगंबाई..." तिने बोट मागे घेतलं. ते कोरडं होतं. "वाऱ्यानं वाळलं वाटतं."

मध वाऱ्याने वाळत नाही. हे पुंडलिकला ठाऊक होतं.

पुढचे दिवस मथू सुधारत गेली. खायला लागली, अंगणात खेळायला लागली. पण बाटली दुपटीने उतरत होती. झोपलेल्या मथूच्या श्वासाच्या मागोमाग, क्षणभराच्या उशिराने, आणखी एक श्वास ऐकू यायचा. पुंडलिक कान देऊन बसला की थांबायचा.

सोमवारी तो तिला मिठागरावर घेऊन गेला. कडेवर ती पिसासारखी होती, पूर्वीइतकीच. त्याने झोळीत घातलं. दुसऱ्या पारड्यात अकरा शेर टाकले.

झोळी हलली नाही.

बारा. तेरा. पंधरा...

बावीस शेरांना काटा सरळ झाला.

त्याने मथूला उतरवलं. रिकामा काटा पाहिला. बरोबर. वजनं एकेक करून तपासली. बरोबर. पुन्हा घातलं. पुन्हा बावीस.

बाजूचा मजूर म्हणाला, "काय रं पुंडलिक, पोरीला मीठ चारलंस का?"

आयुष्यात पहिल्यांदा काटा पुंडलिकला जे सांगत होता ते त्याला ऐकायचं नव्हतं.

तो तसाच डोंगरीला गेला. उरलेल्या मधाची बाटली आयरिनपुढे ठेवली. तिने बाटलीकडे पाहिलंही नाही.

"म्हंजे तुम्ही नेली." ती चिडली नाही. थकली होती नुसती. "बघा."

शेवटच्या वाट्याच्या जागी पान होतं. त्यावरचा आंबा काळा पडला होता. ताडगोळे सुकले होते.

"सहा दिस तसाच ऱ्हातोय. याच्या आधी रोज सकाळी पान रिकामं असायचं. करवंदं तेवढी उरायची."

मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी नोराला डांग्या झाला होता. घरात मधाची एकच बाटली. मोटारीतून कोणी साहेब आला. मागेल ते देतो म्हणाला. आयरिनने विकली. उद्या गॅब्रियल नवी आणेलच, असं वाटलं तिला. गॅब्रियलला यायला तीन दिवस लागले.

"तवापासनं शेवटचा वाटा तिचा."

"केवढी होती?"

"अडीच वर्सांची. तुमच्या पोरीएवढीच." तिने त्याच्याकडे पाहिलं. "माझी पोर तुमच्याकडं हाय, बुवा. मी न्यायला येते."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती आली. मथू आत भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आयरिन उंबऱ्याबाहेर बसली. पान मांडलं. ताडगोळे, आंबा, करवंदं, मध. कपाळ, छाती, खांदे यांना हात लावून क्रूसाची खूण केली.

"नोरा," तिने हळूच हाक मारली. "चल बाय. वाटा आनलाय."

घरात एवढी शांतता की चुलीतली राख बसल्याचा आवाज यावा.

"चल, माझी बाय. मी न्हाय विकणार आता."

झोपेतली मथू एकदम ताठ झाली. जिजाबाईने पुंडलिकचा दंड घट्ट धरला.

मग मथू सैल पडली.

आयरिनने पान उचललं आणि मागे न पाहता निघाली. ती बांधावर पोचली तेव्हा तिच्या मागून, रिकाम्या रस्त्यावरून, खोकला आला. एकदा. मग लांबून. मग आणखी लांबून...

पुंडलिकने मथूला उचललं आणि तसाच मिठागराकडे पळाला. झोळी. पारडं. अकरा शेर.

काटा सरळ.

बरोबर अकरा. तोळाभराचाही फरक नाही. तो काट्याखाली बसून ढसाढसा रडला.

घरी जिजाबाईने मथूची दृष्ट काढली आणि तिच्यापुढे तिचा आवडता खाऊ ठेवला. वाटीभर करवंदं.

मथूने एक तोंडात घातलं.

तोंड वाकडं केलं. थुंकली. वाटी ढकलून दिली, सगळी करवंदं जमिनीवर घरंगळली.

मग मनगटाने ओठ पुसत म्हणाली, "चीक लागतो."

जिजाबाई हसली. "आजारानं तोंडाची चव गेलीय."

पुंडलिक हसला नाही. त्या घरात हे शब्द फक्त त्याने ऐकले होते, तेही डोंगरीला, चिंचेखाली.

चार दिवस त्याने कळ काढली. पाचव्या दिवशी गेला. आयरिन लांबूनच हसली. दहा वर्षांनी तरुण दिसत होती.

"आली, बुवा! रोज पान रिकामं! आन एक गंमत सांगू?" ती खाली वाकली, आवाज बारीक केला. "आता करवंदं पन खाते. आधी करवंदंच जातात, मग बाकीचं. तुमच्याकडं ऱ्हाऊन शिकली वाटतं!"

पुंडलिक उभा राहिला.

बोलायचं एकच वाक्य होतं. पण घरी अंगणात एक मुलगी खेळत होती. तिला श्वास होता. ती खोकत नव्हती. जिजाबाई तिची वेणी घालत होती. ते वाक्य बोललं तर आयरिन पुन्हा न्यायला येणार, आणि या वेळी उंबऱ्याच्या आत नेमकं काय उरणार?

काटा किती ते सांगतो. कोण ते सांगत नाही.

"शिकली असंल," तो म्हणाला.

आणि करवंदांचे होते तेवढे सगळे वाटे घेतले. आयरिनची पाठ वळल्यावर ते त्या शेवटच्या पानावर ओतले.

पुढे चाळीस वर्षं, वैशाख लागला की आजोबा डोंगरीला जात. आयरिन गेली, मांडव गेला, तरी जात. आजीला म्हणायचे, फिरून येतो. हे सगळं सांगून झाल्यावर मी त्यांना विचारलं, "आजोबा, भ्रमही असेल ना?" ते म्हणाले, "असंल." आणि माझा हात गच्च धरून ठेवला.

माझी आई एक्क्याऐंशी वर्षं जगली. देवळात जायची, उपास करायची, आम्हाला जीव लावला तिने. तिच्यासारखी आई मिळणार नाही. पण रस्त्यावर करवंदं दिसली की ती पदर ओठांवर धरायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "लहानपणापासून नाही आवडत. चीक लागतो."

आजोबा गेल्यापासून मी जातो. आता मी राहतो त्या शांती नगरहून रिक्षा करून जातो. ती चिंच अजून आहे. मी पळसाचं पान मांडतो, करवंदं ओततो आणि मागे न पाहता परत फिरतो.

गेल्या वर्षी पहिल्यांदा मी पानापाशी बोललो. काय हाक मारावी ते कळेना. मावशी म्हणू, की...

शेवटी म्हटलं, "आई, करवंदं आणलीत."

रस्त्यापर्यंत आलो नसेन, तर मागून कोणीतरी खोकलं.