कमळाजीला कोणी जिवंत केलं?

"पन्नास झेरॉक्स मिळतील का?"

तो एवढंच म्हणाला, आणि दर्शनाच्या हातातलं मेमरी कार्ड सुटून काउंटरखाली गेलं.

आता झेरॉक्सच्या दुकानात कोणी झेरॉक्स मागितली, तर त्यात दचकण्यासारखं काय आहे? पोलादपूरच्या एस्टी स्टँडसमोरचं कुशाबामामाचं ते दुकान त्याचसाठी होतं. झेरॉक्स, रिचार्ज आणि मोबाइलच्या कार्डात गाणी भरून देणं. मामा वाडीवरची भातशेती बघायचा आणि दुकान त्याची बारावी झालेली भाची सांभाळायची. दिवसाकाठी साठसत्तर माणसं येऊन जायची, पण कोणाच्या आवाजानं तिचे कान असे गरम झाले नव्हते.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. चांगला वर्षभर ओळखीचा! चेहरा मात्र ती आज पहिल्यांदा बघत होती... उंच, किंचित वाकून उभा, चष्म्यावर भाद्रपदातल्या भुरभुर पावसाचे थेंब, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला एकच कागद.

"काय म्हणालात?" दर्शनानं विचारलं.

"पन्नास झेरॉक्स."

"कशाच्या?"

"या कागदाच्या."

"किती म्हणालात?"

"पन्नास!" तो हसला. "कमी ऐकू येतं का तुम्हाला?"

"नाय... मशीनचा आवाज हाय ना," दर्शना म्हणाली. मशीन अजून सुरूच केलं नव्हतं.

त्यानं एकदा मशीनकडे बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि भला माणूस असल्यामुळे काही बोलला नाही.

कागदावर वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'फाशांची बखर : श्रोत्यांसाठी प्रश्न'. खाली तीनच प्रश्न. तुम्ही स्वतः असा खेळ खेळता का, आणि कशानं? आमच्या खेळातलं कोण आवडतं? पुढे काय ऐकायला आवडेल?

'फाशांची बखर' हा आमोदचा, म्हणजे समोर उभ्या असलेल्या या माणसाचा पॉडकास्ट; इंटरनेटवरून ऐकायचा कार्यक्रम. दर रविवारी रात्री महाडला त्याच्या घरी पाच जण टेबलाभोवती बसायचे. आमोद सूत्रधार. तो गोष्ट सुरू करायचा — समोर घाट आहे, धुकं आहे, खाली दरीत कोणीतरी कण्हतंय. बाकीचे चौघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचे, काय करायचं ते आपापलं ठरवायचे, आणि ते जमलं की फसलं हे फासा सांगायचा. लिहून ठेवलेलं काही नसायचं. खेळता खेळता जी गोष्ट घडेल ती रेकॉर्ड करून आमोद मुरारीच्या सायबर कॅफेतून इंटरनेटवर टाकायचा.

हाच मुरारी दर महिन्याला नव्या गाण्यांचं कार्ड एस्टीच्या कंडक्टरच्या हाती दर्शनाला पाठवायचा. एकदा गाण्यांबरोबर चुकून 'बखर' आली. दर्शनानं ती ऐकली, रात्रीच्या जेवणाला उशीर झाला म्हणून मामीची बोलणी खाल्ली, आणि पुढच्या महिन्यापासून स्वतःहून मागून घ्यायला लागली.

"महाडवरून इकडं आलात झेरॉक्सला?" मशीनमधून निघणारे गरम कागद सरळ करत तिनं विचारलं.

"शुक्रवार ना. आमच्या कारखान्याला सुट्टी, आणि महाडला दिवसभर लाइट नाही. म्हटलं, बसावं एस्टीत." तो जरा थांबला. "पण तुम्हाला कसं कळलं मी महाडचा?"

"बोलण्यावरून," दर्शना म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"या फॉर्मांचा उपयोग होईल असं वाटत नाही म्हणा. अकरा जण ऐकतात आमचा कार्यक्रम. त्यातला एक मी."

"मग पन्नास कशाला?"

"वेडी आशा!" तो पुन्हा हसला, पण या वेळी हसणं अर्ध्यावरच राहिलं. "आमच्या गोष्टीत कमळाजी नावाचा एक हरकाम्या सैनिक होता. चौदाव्या भागात फासा उलटा पडला आणि तो गेला. किशोर — माझा मित्र, तो कमळाजी व्हायचा — तेव्हापासून मन लावून खेळत नाही. कंपनी मला गुजरातेत, वापीला पाठवतेय. पुढच्या शनिवारी हो की नाही ते सांगायचंय. पन्नास माणसं जरी ऐकत असतील ना, तरी मी राहीन. नाहीतर... कोणासाठी राहायचं?"

दर्शनाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. अकरा कसले, अख्खा तालुका ऐकतोय! कारण गेले आठ महिने, गाणी भरायला आलेल्या प्रत्येक कार्डात ती गाण्यांबरोबर 'बखर'सुद्धा भरून देत होती. जीपवाल्या भागोजीच्या, भाजीवाल्या रंगूबाईच्या, वाडीवाडीच्या. आणि त्यांच्याकडून ब्लूटूथनं आणखी कुठे कुठे. पण मालकाला न विचारता त्याची वस्तू वाटणं याला काय म्हणतात, हे तिला शाळेतच शिकवलेलं होतं. तिनं उत्तर गिळलं.

"फॉर्म इथंच ठेवा," ती म्हणाली. "मी घेते भरून. पुढच्या शुक्रवारी या."

"इथे कोण ऐकतं?"

"बघू या की." मग अगदी सहज विचारतेय असं दाखवत ती म्हणाली, "आणि त्या इरावती... वैदीण होतात त्या... त्या तुमच्या कोण?"

त्यानं चटकन मान वर केली. दर्शनानं जीभ चावली, पण आता काय उपयोग!

"इरावती वैदीण होते हे या कागदावर कुठे लिहिलंय?" त्यानं हळूच विचारलं.

दर्शनानं सरळ केलेला गठ्ठा पुन्हा सरळ केला.

"म्हणजे अकरा नाही. बारा." चष्म्याआडचे डोळे हसत होते. "बहीण आहे माझी. धाकटी."

"अस्सं," दर्शना म्हणाली आणि उगाचच स्टेपलर उघडून बंद केला. तो एस्टीत चढेपर्यंत तिनं वर बघितलं नाही. चढल्यावर मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती रस्त्याकडेच बघत होती.

पन्नास फॉर्म दोन दिवसांत संपले. भागोजीनं जीपमध्ये गठ्ठा ठेवला आणि फॉर्म भरल्याशिवाय कोणाला उतरू दिलं नाही. दर्शनानं मशीन पुन्हा चालवलं. उत्तरं येत गेली तशी ती एकटीच हसत बसायची. फासे नाहीत म्हणून कोणी चिंचोके घासून खेळत होतं, कोणी कवड्यांनी, आणि एका वाडीत तर चार बाया भात लावता लावता सासू-सुनेची 'बखर' खेळल्या होत्या, त्यात सासू हरली म्हणून पुढचे दोन दिवस घरात खरं भांडण झालं होतं.

बुधवारी रंगूबाई आली. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती सांगत होती आणि दर्शना लिहीत होती.

"लिव. कमळाजी आवडतो. देवीनं त्याला परत धाडला, तवा मी नारळ फोडला व्हता."

दर्शनाचं पेन थांबलं. "परत कुठं आला गो मावशी? तो तर मेला."

"मेला व्हता! मग ती वैदीण गुहेत जाऊन देवीपाशी रडली नाय का? आन् लगेच फुडं कमळाजी गाणं म्हणत घाट उतरला. मला शिकवतंस?"

दर्शनानं रंगूबाईचा फोन हातात घेतला आणि भागांची यादी वरपासून खालपर्यंत बघितली. फोन भाग आकड्यांच्या क्रमानं लावत नव्हता, नुसता पहिला अंक बघून लावत होता. एकच्या पाठोपाठ दहा, मग अकरा, असं करत एकोणीस, आणि त्यानंतर दोन! तिला स्वतःला दर महिन्याला थोडे थोडे भाग मिळाले, म्हणून कधी कळलं नाही. बाकीच्यांना तिनं सगळे एकदम भरून दिले होते. एकोणिसाव्यात वैदीण देवीपाशी रडायची, आणि पुढे लागायचा तो दुसरा भाग... ज्यात कमळाजी अजून मेलाच नव्हता.

तिनं घाईघाईनं सगळे फॉर्म चाळले. 'कमळाजीला वाचवलात, देव तुमचं भलं करो.' 'आता त्याचं लगीन लावा.' 'वैदिणीचे उपकार विसरू नका म्हणावं कमळाजीला.' जवळजवळ प्रत्येक फॉर्मात हेच! म्हणजे नुसती चोरी नाही. त्याच्या गोष्टीची तिनं पार खिचडी करून ठेवली होती. हे कळल्यावर तो वापीला जाईल, आणि जाताना तिच्याबद्दल काय वाटून घेईल... त्या रात्री तिला भाकरी गोड लागली नाही.

शुक्रवारी तो आला. ती गठ्ठा लपवू शकली असती. नाही लपवला. काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "एकशे त्रेसष्ट हायत."

आमोद बाकावर बसून वाचायला लागला. आधी खो खो हसला. मग कपाळाला आठ्या पडल्या.

"कमळाजी परत आला? आम्ही त्याला कधी परत आणलाच नाही. हे सगळे असं का लिहितायत?"

"माझ्यामुळं," दर्शना म्हणाली आणि श्वास न घेता सगळं सांगून टाकलं. मुरारीचं कार्ड, तिनं भरलेली कार्डं, ब्लूटूथ, एकनंतर दहा. "तुमाला विचारलं नाय. चुकलंच माझं. आन् गोष्ट उलटीपालटी केली ती निराळीच. काय बोलायचं ते बोला."

तो चष्मा काढून पुसत बसला. दर्शनाला वाटलं, याच्यापेक्षा ओरडला असता तर बरं.

तेवढ्यात रंगूबाई रिचार्ज मारायला आली. "जरा सरक रं बाबा."

"बसा ना आजी, बसा," आमोद उठत म्हणाला.

रंगूबाईच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "अगो बाय! ह्यो तर बखरवाला!" तिनं त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "माझा ल्योक मुंबयला असतो. कामाच्या रगाड्यात फोन नाय करत. मी एकटीच रं. सांजच्याला भाकऱ्या थापताना तुझा आवाज लावते, तवा घर भरल्यागत वाटतं. उपकार हायत तुझे." पिशवीतली एक कोवळी काकडी त्याच्या हातात कोंबून ती रिचार्ज न करताच निघून गेली. डोळ्यांना पदर लावल्यामुळे तिला रस्ता नीट दिसत नव्हता, म्हणून दर्शना तिला पलीकडे सोडून आली.

परत आली तर आमोद तसाच उभा होता, हातात काकडी आणि डोळ्यांत पाणी.

"सॉरी," दर्शना म्हणाली.

"सॉरी? अगं, वर्षभर मी भिंतीशी बोलतोय असं समजत होतो!" तो तिला 'अगं' म्हणाला हे त्याच्याही लक्षात आलं नाही. "कमळाजी गेल्यावर पुढे काय करायचं, हे आम्हा पाच जणांना सुचत नव्हतं. या लोकांनी आपल्या मनानं त्याला जिवंत केला. आता किशोरला सांगतो, चल, खेळ. देवीचा प्रताप आहे म्हणून! तुझे आभार कसे मानू मी?"

"माझे नका मानू. मलाच तुमचे मानायचे हायत."

"कशाबद्दल? आणि या गठ्ठ्यात तुझा फॉर्म कुठे आहे?"

"मी भरलाच नाय. माझं उत्तर त्या तीन प्रश्नांत बसत नाय."

"मग असंच सांग."

दर्शनानं काउंटरची कड घट्ट धरली. "तुमी दर वेळी त्या चौघांना विचारता — 'आता तुम्ही काय करता?' बारावी झाल्यावर मला कोणी विचारलं नाय. दुकान मामानं ठरवलं, लग्न कधी ते बाबा मुंबयवरून ठरवणार. पण तुमी विचारलं की मी इथं उभी राहून मोठ्यानं उत्तर द्यायची. गिऱ्हाईक बघत बसायचं. असं करता करता वाटायला लागलं, आपल्यालापण ठरवता येतं... जूनमध्ये मी बाहेरून बीएला नाव घातलं. बाबांशी भांडून. ते तुमच्यामुळं."

बाहेर भुरभुर थांबली होती. रस्त्यावरून एक ट्रक गेला. आमोदनं हातातली काकडी जपून काउंटरवर ठेवली.

"एक सांगू?" आमोद म्हणाला. "आठवडाभर मी या फॉर्मांची वाट बघत नव्हतो. शुक्रवारची बघत होतो." त्यानं खिशातून कंपनीचं पत्र काढून काउंटरवर ठेवलं. "उद्या उत्तर द्यायचंय. राहू का?"

बखरीसाठी राहा, असं म्हणणं सोपं होतं. तालुक्याच्या वतीनं म्हणता आलं असतं. दर्शनानं एकदा पत्राकडे बघितलं आणि मग सरळ त्याच्याकडे.

"बखर काय, वापीवरूनपण होईल. माझ्यासाठी राहा."

बोलून गेली आणि लाल झाली, पण शब्द मागे घेतला नाही.

आमोदनं खिशातलं पेन काढलं. "एक कोरा कागद दे."

मशीनच्या ट्रेमधला कागद तिनं पुढे केला. तो काउंटरवर वाकून लिहायला लागला — मा. व्यवस्थापक साहेब, वापी येथील बदली मला स्वीकारता येत नाही... आणि थांबला.

"कारण काय लिहू?"

"काय लिवणार होतात?"

"खरं ते. तुझं नाव."

"नाय हां!" दर्शनानं घाबरून कागदावर हात ठेवला. "साहेब काय म्हणतील!"

"मग तूच सांग."

तिनं हात काढला नाही. क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "लिवा — घरगुती कारणास्तव."

त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "घरगुती?"

"घरगुती," दर्शना म्हणाली, आणि या वेळी तिनं नजर खाली घेतली नाही.