रिझवानची हजेरी

आखाडा बाळापुरात अमिनाबीच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती. दिवस कलला तशी ती गोळा करायला बसली, एवढ्यात तांड्यावरचा योगेश लंगडत आला. तिच्या लेकासोबत, रिझवानसोबतच तो परदेशी गेला होता. गोदामात काम आहे असं सांगून एका दलालाने दोघांना नेलं आणि तिथल्या लढाईत भाडोत्री तुकडीत लोटून दिलं. योगेश पायात तोफगोळ्याचं लोखंड घेऊन परतला. रिझवान परतलाच नाही.

"खाला, किती येळा सांगू, म्या माझ्या डोळ्यानं बघितलं... रिझवान गेला."

"मंग तिथले साहेब काहून कळवून राहिले, हजेरीत रोज हजर हाये म्हून?"

त्या 'हजर' शब्दावर सगळं अडलं होतं. पोरगं जिवंत असताना जनाज्याची नमाज कशी पढायची, म्हणून तिचा नवरा चाँद पाशा तयार होत नव्हता. लेकराला माती नाही ती नाहीच, निदान दुआ तरी मिळू द्याल की नाही! अमिनाबीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

योगेशचा आवाज खाली गेला. "तिथं पाच जनाची टोळी आस्ती. एक पडला की मागून नवं पोरगं आनतात. पडलेल्याचं जाकीट त्याला, बिल्ला त्याला... नाव बी त्यालाच. टोळी कधी कमी दिसतच न्हाई. कमी दिसली तर माघारी आनावी लागंल ना."

"आगं माय! आमी नव्या बैलाला मेलेल्या बैलाचं दावं बांधतो, नाव न्हाई देत!"

तेवढ्यात फोन वाजला. असे फोन अधूनमधून यायचे. "अम्मी, मैं रिझवान," एवढंच, आणि दर वेळी आवाज निराळा. कुणीतरी लुबाडायला बसलंय असं समजून ती कापून टाकायची. आज तिने कापला नाही. आजचा आवाज कोवळा होता, मिसरूडही न फुटलेल्या पोराचा.

"बेटा," ती म्हणाली, "मेरे बच्चे का नाम नीचे रख दे. आज हजेरी में मुँह मत खोल. टोली कम पड़ी तो तू बी घर जाएगा."

पोराने आवाज एकदम खाली आणला.

"...जी अम्मी."

पोराने फोन चालूच ठेवला. पलीकडे कुणीतरी परक्या बोलीत नावं पुकारू लागलं. एकेक जण ओ देत गेला. मग पुकारा झाला, "रिझवान!"

पोरगं गप्प राहिलं. अमिनाबीने योगेशचा हात घट्ट धरला. आता सुटला माझा लेक, असं तिच्या मनात आलं.

"हाजिर."

आवाज फोनमधून आला नव्हता. तिच्या पाठीमागच्या खोलीतून आला होता, आणि त्या खोलीत कुणीच नव्हतं. घोगरा, थकलेला, तिच्या पोटच्या पोराचा आवाज. हळदीच्या वासावर ओल्या चिखलाचा वास चढला.

"टोळी पुरी झाली म्हंतोय..." फोनमधली परकी बोली ऐकून योगेश पुटपुटला.

"मेल्यावर तरी सोडा रे त्याला! तुमचं वाटोळं होवो!" अमिनाबी फोनवर किंचाळली. पलीकडे पावलं चालू लागली होती.

ती दिवा घेऊन खोलीकडे धावली. खोली रिकामी होती. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत वाळत घातलेल्या हळदीवर चिखलाच्या बुटांचे ताजे ठसे उमटले होते. सगळे बाहेर जाणारे.