दोन तारखांची पट्टी

"काढलं? मिस्त्रीकाकांना कामावरून काढलं?" ठिणगी ताडकन उठली. "आणि ते मुकाट्याने निघाले?"

"हत्यारं गोळा करतायत," टिल्ल्या म्हणाला. टिल्ल्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. "चार वाजता मालक येऊन कागदावर सही करणार. मग संपलंच!"

सुट्टी लागल्यापासून दोघं मावशीकडे होती. मावशीचा मुलगा, म्हणजे चष्मेवाला प्रोफेसर, त्यांच्या जोडीला. मिस्त्रीकाका काम करत त्या बोटींच्या कारखान्यात मावशीची शिडाची बोट दुरुस्तीला आली होती आणि उद्या तिच्यातून दोन दिवसांची सफर ठरली होती. आज सकाळी मावशीने धक्क्यालाच शीड उभारून पाहिलं. दोर क्लीटला गुंडाळला. क्लीट म्हणजे डेकवर बसवलेलं दोन शिंगांचा स्टीलचा खुंट. वाऱ्याने शीड फुगलं, दोर ताणला गेला आणि क्लीट डेकमधून उखडून थेट मावशीच्या मनगटावर बसलं! चार टाके पडले.

आणि मॅनेजरसाहेब? "लागलं का हो?" एवढंसुद्धा विचारलं नाही त्या माणसाने! आधी मिस्त्रीकाकांवर तोंड सोडलं. "हात चालत नाहीत तर घरी बसा!" तीस वर्षं बोटी बांधणाऱ्या माणसाला, सगळ्या कामगारांसमोर!

"चला," ठिणगी दात-ओठ खात म्हणाली. "मला ती क्लीटची जागा बघायचीय."

क्लीटच्या जागी डेकच्या उजव्या बाजूला चार भोकं उरली होती. प्रोफेसर पालथा पडून त्यांत डोळा घालून बसला.

"अरेच्चा! ही आरपार नाहीतच!"

"आणि हे बघ काय सापडलं!" टिल्ल्याने डेकच्या कडेच्या पन्हळीतून एक टोकदार स्क्रू उचलला. बोटाच्या पेराएवढा असेल नसेल.

"क्लीटला स्क्रू?" ठिणगी ओरडली. "काकांनी आपल्याला काय सांगितलं होतं? बोल्ट आरपार, खालून जाड पट्टी, मग नट!"

"पण वरून डोकी सगळी सारखीच दिसतात," प्रोफेसर म्हणाला.

"हो ना! वरून कीर्तन, आतून तमाशा!"

तिघं धावत शेडमध्ये गेली. मिस्त्रीकाका आपले पाने गोणपाटात गुंडाळत होते. ठिणगीने तो स्क्रू त्यांच्यापुढे धरला. काकांनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा असा काही झाला, की टिल्ल्या एक पाऊल मागेच सरला.

"हा माझा नाही! बायको दवाखान्यात होती, तेव्हा चार दिवस मी इथे नव्हतो. डावी बाजू पुरी करून गेलो होतो. परत येतो तर उजवीही झालेली, खालून छताची फळीसुद्धा ठोकलेली! उघडून बघतो म्हटलं, तर साहेब म्हणे, रंग खराब होईल, हात लावायचा नाही. तिथेच चुकलं माझं. उघडायलाच हवी होती."

"मग हे मालकांना सांगा ना!"

"कागदावर उजवीकडचं काम माझ्याच नावावर दाखवलंय. आता रडत जाऊ? हात जोडू? नाही जोडणार!" काकांनी हातातला पाना दाणकन टेबलावर आपटला.

ठिणगीचं डोकं सणसणत होतं. कुणी काही बोलायच्या आत ती पुन्हा बोटीवर पोचली. डेकखालच्या डाव्या कपाटात टिल्ल्याशिवाय कुणी मावणं शक्य नव्हतं. तो टॉर्च घेऊन आत सरपटला.

"पट्ट्या आहेत! नटही आहेत! आणि पेन्सिलीने लिहिलंय... 'लावला, सात तारीख. आवळला, आठ तारीख.' प्रत्येक पट्टीवर!"

"दोन तारखा?" प्रोफेसरने चष्मा वर सरकवला. "हां, सीलंट! पाणी झिरपू नये म्हणून भोकात भरतात ते. आधी नट बेताचाच फिरवायचा, सीलंट वाळू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा आवळायचा. पहिल्याच दिवशी करकचून आवळला तर सगळं सीलंट बाहेर येतं."

"उजवीकडची फळी उघडू?" आतून टिल्ल्याने विचारलं.

"थांब. मालकांसमोर उघडू. त्याआधी साहेबांना जरा बोलू दे!"

बरोबर चार वाजता मालक आले. मॅनेजरसाहेब कागद घेऊन पुढे, हाताला पट्टी बांधलेली मावशी मागे. ठिणगीने राग गिळून तोंडात साखर घोळवली.

"साहेब, उद्या आम्हाला याच बोटीने जायचंय. बाकीची क्लीटं तरी धड आहेत ना?"

"अगदी! डावी बाजू मी स्वतः उभं राहून दुसऱ्या माणसांकडून करून घेतलीय. मिस्त्रींनी बिघडवली ती उजवी."

"नक्की? डावी तुमची?"

"डोळे मिटून सांगतो!"

"मग आता डोळे उघडून बघा!" ठिणगी कडाडली. "टिल्ल्या, टॉर्च दे!"

मालक वाकले आणि कपाटात डोकं घालून मोठ्याने वाचू लागले. "लावला, सात तारीख... अहो, हे तर मिस्त्रींचं अक्षर!" साहेबांचा चेहरा पडला. ते कधी डेकखाली वाकलेच नव्हते, त्यांना काय ठाऊक! मग उजवीकडची फळी निघाली. आत पट्टी नाही, नट नाही, नुसतं कोरं लाकूड.

"रंगाऱ्याला सांगितलं होतं... घाई होती... वरून सारखंच दिसतं ना..." साहेब पुटपुटले.

"वरून?" मावशी भडकली. "उद्या हे यांच्यापैकी कुणाच्या कपाळावर बसलं असतं, तर वरून काय दिसलं असतं?"

मालकांनी कागद टराटरा फाडला. "तुमच्या ऑफिसच्या किल्ल्या द्या. आणि जिथे मिस्त्रींना बोललात, तिथेच, सगळ्यांसमोर माफी मागा!"

सगळे कामगार शेडमध्ये जमले. साहेबांनी मान खाली घालून माफी मागितली.

"ऐकू नाही आलं!" ठिणगी म्हणाली. एरवी मावशीने तिला झापलं असतं, आज नाही झापलं. साहेबांना पुन्हा मागावी लागली.

मिस्त्रीकाका हसलेबिसले नाहीत. "उजवीकडची सगळी काढणार," ते म्हणाले. "उद्या बोट जाणार नाही. परवाही नाही."

"आणि सफर?" टिल्ल्या कळवळला.

"गप्प बस!" ठिणगी म्हणाली.

"शाब्बास रे पोरांनो!" मालक म्हणाले. "एवढी माणसं वरून बघत होती. मीसुद्धा. खाली वाकलात ते तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नवी भोकं आरपार पाडून झाली. प्रोफेसरने वरून बोल्ट धरला. ठिणगी फळीच्या मोकळ्या जागेतून हात घालून नट फिरवू लागली, तेही दात-ओठ खाऊनच.

"अगं, हळू!" काका ओरडले. "साहेबांवरचा राग ना? असू दे, मलाही आहे. पण नटावर नको काढू. सीलंट बाहेर येतंय बघ!"

ठिणगीने हात सैल सोडला. टिल्ल्याने काकांची पेन्सिल घेऊन पट्टीवर लिहिलं, 'लावला, एकोणीस तारीख.' खाली नुसतंच 'आवळला' लिहून पुढची जागा मोकळी ठेवली.

"काका, एवढा एकच आवळू ना आता?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी. मी आहेच इथे," मिस्त्रीकाका म्हणाले आणि शेडमध्ये जाऊन गोणपाटातले पाने एकेक करून परत भिंतीवर टांगू लागले.