नालीवरचा स्लॅब

“आधी तालाबवर बोटीची फेरी, मग ठेल्यावरचे गुपचुप! मी एकटाच वीस पाणीपुऱ्या खाणार!” पुष्कर चपला शोधत ओरडला.

“भुरीनं आजही पोळी खाल्ली नाही,” त्याची ताई ज्ञानदा दारातूनच म्हणाली.

भुरी म्हणजे बूढापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या गल्लीची कुत्री. एरवी पोळी दिसली की नुसती शेपटी नाही, अख्खी भुरी हलायची! पण कालपासून ती नालीवर टाकलेल्या नव्या सिमेंटच्या स्लॅबशी बसून होती. हाकललं की उठायची, पुन्हा तिथंच यायची. ज्ञानदाला तिचं हे बसणं ओळखीचं वाटे. आईची बदली जगदलपूरला झाल्यापासून तीही संध्याकाळी अशीच फाटकाशी उभी राहायची. बाबांनी विचारलं की म्हणायची, “हवा खाऊन राहिली!”

“इसके तो तीन पिल्ले थे न?” शेजारची पायल म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र हिंदीत. “अब दो ही दिख रहे हैं.”

ज्ञानदानं स्लॅबला कान लावला. तापलेल्या सिमेंटनं गाल पोळला. आतून बारीक आवाज आला, “कुंऽऽ...”

“पिल्लू! आत अडकलंय!”

स्लॅब बसवणारे ठेकेदार शालिग्राम भैया सावलीत चहा पीत होते. मुलं त्यांना सांगायला धावली.

“अरे, चूहा होगा! मजदूर शादी में गए हैं. सोमवार को देखेंगे.”

“सोमवारपर्यंत मरून जाईल ना ते!” ज्ञानदा म्हणाली.

“चार आदमी लगे थे रखने में. तुम तीन पोट्टे उठाओगे?” ते हसले.

“उठा लिया तो?” पायल तडकली.

“तो मान जाऊंगा! ये लो!” त्यांनी लांबलचक लोखंडी पहार पुढे ढकलली.

पहारीचं टोक स्लॅबच्या कडेखाली गेलं. मधोमध विटेचा टेकू ठेवला. पुष्कर दुसऱ्या टोकाला चक्क लोंबकळला. स्लॅब ढिम्म!

ज्ञानदा विचार करत राहिली. “बागेतल्या सी-सॉवर बाबा टोकाला बसले की मी वरच लटकते. ते मधे सरकले, की मी त्यांना उचलते! पुष्कर, वीट स्लॅबजवळ आण. अजून जवळ!”

तिघांनी जोर लावला. करकर आवाज झाला.

“हलला!”

“हात एवढा खाली गेला, अन् स्लॅब एवढुसाच वर? काहून?” पुष्कर धापा टाकत म्हणाला.

“फुकट नाही मिळत, बाबू!” ज्ञानदा म्हणाली. “जोर कमी लागतो, म्हणून हात जास्त न्यावा लागतो. पायल, विटेचे तुकडे आत सार. हात नको घालू, काठीनं ढकल!”

थोडं उचलायचं, तुकडा सारायचा, पुन्हा उचलायचं. कडेला फट पडली. भुरीनं त्यात नाक खुपसलं. पण आतला आवाज आता बंद झाला होता.

“नको ना गं,” ज्ञानदा पुटपुटली.

शालिग्राम भैयांनी चहाचा कप खाली ठेवला. ते धावत आले, दोन मोठे दगड कडेखाली ठोकून बसवले आणि कोरड्या नालीत खांद्यापर्यंत हात घातला. बाहेर काढलं ते धुळीनं माखलेलं, मुठीएवढं पिल्लू! भुरी त्याला चाटत सुटली. एकदा, दोनदा... आणि पिल्लू शिंकलं!

“मान गया!” शालिग्राम भैया ओशाळून म्हणाले. “ढकने से पहले नाली देखनी थी. गलती मेरी है. तुम तीनों चार मजदूरों पर भारी!”

संध्याकाळी बाबांनी सगळं ऐकून तिघांची पाठ थोपटली. “शाबास! डोकं चालवलं, अन् बोटंही सांभाळली!”

तेवढ्यात आईचा फोन आला.

“कशी आहेस, ज्ञानू?”

‘मस्त!’ हे नेहमीचं उत्तर ज्ञानदाच्या ओठांवर आलं, पण बाहेर पडलं नाही.

“आई, मले तुझी लय आठवण येते.”

आईचा आवाज भरून आला, “वेडे, सांगायचं ना! तू मस्त म्हणायचीस, मले वाटे, तुले माझ्याविना करमतं! उद्याच्या बसनं निघते मी.”