वगळलेला रकाना

दुपारचे साडेतीन. जिंतूरच्या एका घरात, संगणकाच्या पडद्यावर मेलेल्या बाईचं नाव आलं.

घरात धम्मशीला एकटीच होती. पण ही ऐकीव गोष्ट नाही. तिचा सहकारी नागेश याने परभणीत बसून तोच पडदा पाहिला आहे.

धम्मशीलाचा नवरा बुद्धभूषण खासगी शाळेत शिक्षक. त्याची पहिली बायको, संघप्रिया, तापाने गेली. मग हे दुसरं लग्न. संघप्रियाचा फोटो भिंतीवरून उतरला. सासूच्या तोंडून नाव काही उतरलं नाही.

"तिची भाकर कशी टम्म फुगायची," कुसुमबाई म्हणायच्या. "तुला आपली चपातीच जमती, बाई."

त्या सकाळी वालूरला लग्नाला निघताना त्या उंबऱ्यातून बोलल्या, "शाळेच्या कागदावर बी अजून तीच हाय म्हणं."

ते धम्मशीलाला लागलं.

ती घरून कोड लिहायची, आणि बुद्धभूषणच्याच शाळेच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या शिक्षकांच्या नोंदी नव्यात नेण्याचं काम तिच्याकडेच होतं. तिचा कोड जुन्या नोंदीतला एकेक रकाना उचलून नव्या नोंदीत ठेवायचा. नको तो रकाना वगळायला एक ओळ पुरायची.

तिने 'जोडीदार' हा रकाना वगळला. सगळ्यांचाच. एकट्या बुद्धभूषणचा वगळला असता, तर कारण सांगावं लागलं असतं. जुनी नोंद तिने उघडलीसुद्धा नाही. ते नाव तिला बघायचंच नव्हतं.

कोड चालवला.

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला...

थप. थप. थप.

भाकरी थापल्याचा.

दाराला आतून कडी होती. ती उठून गेली. कुणी नव्हतं. परात कोरडी, भिंतीला टेकलेली. गॅस बंद. पण तवा...

तवा गरम होता.

ती परत पडद्यासमोर आली. सगळ्या शिक्षकांचा 'जोडीदार' रिकामा. फक्त बुद्धभूषणच्या नोंदीत एक नाव.

संघप्रिया.

तिने नागेशला फोन लावला.

"ताई, वगळलेला रकाना कोड पुसत न्हाई," तो म्हणाला. "हात लावत न्हाई, एवढंच. तिथं आधीचं जे असतंय, ते तसंच ऱ्हातंय."

"आधीचं कायबी नव्हतं. नोंदच नवी हाय."

नागेशने स्वतः उघडून पाहिलं. नाव त्यालाही दिसलं.

"मग रिकामी जागा बघून कुणीतरी भरलं असंल."

संध्याकाळी बुद्धभूषण घरी आला. त्याने चप्पल काढण्याआधीच तिने त्याला गाठलं.

"तिचं नाव का काढलं नव्हतं तुमी?"

"कवाच काढलंय. लग्न झालं त्याच हप्त्यात तुझं टाकलंय. आई कायबी सांगती."

धम्मशीलाने जुनी नोंद उघडली. जोडीदार : धम्मशीला.

तिने वगळलं होतं ते स्वतःचंच नाव.

रकाना वगळणारी ती ओळ तिने कोडमधून काढून टाकली. कोड पुन्हा चालवला. सगळ्यांचे जोडीदार आपापल्या जागी आले. बुद्धभूषणसमोर मात्र संघप्रियाच. तिने हाताने खोडून आपलं नाव लिहिलं. सकाळी बघते तर...

पुन्हा तेच.

काल बुद्धभूषण शाळेतून आला. रिकामा डबा तिच्या हातात देत म्हणाला, "आज भाकर लय झकास झालती. शिकलीस की."

तिने डब्यात चपात्या दिल्या होत्या.