पाच हजार मीटर खालचा गाळ

“माझा गाळ चोरीला गेला,” तेजस्वी म्हणाली आणि मष्णूला हसू फुटलं. पण तिचे सुजलेले डोळे पाहून तो ओशाळला.

“सविस्तर सांगा,” गुप्तहेर कुंथुनाथ उपाध्ये म्हणाले. मष्णू त्यांचा जुना मदतनीस.

हिंद महासागराच्या तळातून, पाच हजार मीटरवरून नळीत भरून आणलेला हातभर गाळ. त्यात लाखो वर्षांचे थर.

“इतक्या खोल शिंपल्यांचा चुनासुद्धा विरघळतो. उरते निव्वळ माती. थंड राहिली नाही तर माझी सहा वर्षं वाया!”

आज सोमवारी सकाळी तिनं बेळगावातल्या प्रयोगशाळेचा फ्रीज उघडला, तर नळी गायब. बेसिनमध्ये चिखलाचे ओघळ. कुणीतरी गाळ धुऊन टाकला होता.

तिघंही प्रयोगशाळेत गेले. फ्रीज चालू होता, पण त्याच्या घड्याळात नुसती शून्यं लुकलुकत होती. भिंतीला सॉकेट एकच. कुंथुनाथ बराच वेळ तिथं उभे राहिले. मष्णूला त्यात काहीच दिसेना.

तेजस्वीखेरीज किल्ल्या दोघांकडे. पैकी ओमकार हा जांबोटीचा संशोधक.

“शनिवारी संध्याकाळी इथंच लॅपटॉप चार्ज केला आणि गावी गेलो. आत्ता येतोय.”

दुसरी किल्ली शिपाई भरमूकडे. त्यानं चहा आणला.

“काल मी निपाणीला, भावाच्या शेतात हुतो. इकडं आलोच न्हाय सायेब.”

“दूध छान आहे,” कुंथुनाथ घोट घेऊन म्हणाले.

“खासबागेत मालुआक्काची डेअरी हाय. माझी थोरली भन.”

“एक लिंबू मिळेल?”

“दुधाच्या चहात?” मष्णू कुजबुजला.

कुंथुनाथांनी लिंबू बेसिनमधल्या चिखलावर पिळलं. चिखल फसफसला.

“यात चुना आहे. म्हणजे हा समुद्रतळाचा गाळ नव्हेच. जांबोटीच्या तांबड्या मातीतला चुना पावसानं कधीच धुऊन नेलाय. आमच्या निपाणीची काळी माती मात्र अशीच फसफसते. भरमू, काल तुम्ही आलात.”

भरमूनं मान खाली घातली.

“शून्यं सांगतात, फ्रीज बंद पडला होता. ओमकार, लॅपटॉपसाठी प्लग काढलात, तो परत लावलात का?”

ओमकारचा चेहरा पांढरा पडला. “नाही... विसरलो.”

“भरमूंना फ्रीजचा गारवा उतरत चाललेला जाणवला. प्लग लावला, पण फ्रीज पुन्हा गार व्हायला वेळ लागणार. मग नळी बहिणीच्या डेअरीतल्या थंड खोलीत नेली. बरोबर?”

“व्हय. शेतातनं परतताना कुलूप बघाय आलो हुतो. गमबूट चिखलानं भरलं हुतं, ते आधी धुतलं. नळी उभीच धरून नेली. आज गुपचूप ठेवणार हुतो, पण म्याडम लौकर आल्या.”

“मला सांगायचं नाही का?” तेजस्वी म्हणाली.

“ओमकारदादाचं नाव खराब झालं असतं. त्यानं माझ्या पोरीला बारावीचं सायन्स शिकवलं, एक पैसा घेतला न्हाय. त्याला कसं उघडं पाडू?”

ओमकारनं भरमूचे हात धरले.

खासबागेत दुधाच्या कॅनांमध्ये नळी ताठ उभी होती, ओल्या टॉवेलात गुंडाळलेली. तेजस्वीनं ती उराशी धरली, मग वही काढली.

“प्रबंधात पहिले आभार तुमचे. पूर्ण नाव सांगा.”

वीस वर्षांत प्रयोगशाळेतल्या कुणी त्याला ते विचारलं नव्हतं. भरमूनं टोपी नीट केली आणि वडिलांच्या नावासकट सावकाश सांगितलं.